अक्काच्या वाटणीचे उपास

सकाळचा चहा अजून हातातच होता, तेवढ्यात इंदापूरहून भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली." सुरेश एवढंच बोलला. मी विचारलं, "ऋतुजानं काही खाल्लंय का?"  तो म्हणाला, "न्हाय. रात्रीपासनं आईपाशीच बसलीय. उठतच न्हाय."

सख्खी थोरली बहीण गेल्याचं कळल्यावर जिच्या तोंडून पहिला प्रश्न तिच्या नातीच्या न्याहारीचा निघतो, ती बाई एक तर वेडी असणार नाहीतर दगड, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. माझ्या मुलालाही वाटलं. "आई, अगं रड तरी," तो गाडीची किल्ली शोधता शोधता म्हणाला. रडू नंतर आलं, भरपूर आलं, आता लिहितानाही येतंय. पण त्या सकाळी काळजीनं दुःखाला दाराबाहेरच थोपवून धरलं होतं. मयताच्या घरात चूल पेटत नाही. माती होईपर्यंत घरचं कुणी तोंडात काही घालत नाही. लांबची माणसं येईपर्यंत दुपार होणार होती. आणि आजीच्या रक्ताबरोबर आजीचा आजारही घेऊन जन्मलेली ती पोर तशीच उपाशी बसून होती. आमच्या घरात उपाशी राहणं म्हणजे काय, हे सांगायचं तर मला पन्नासच्या दशकात जावं लागेल... पणदऱ्याला, आणि तिथून इंदापूरला.

या थोरल्या बहिणीचं, आमच्या अक्काचं, कागदोपत्री नाव शेवंता. पणदऱ्याला आमची कालव्याखालची बागाईत. वांगी, कांदा, कोबी आणि एका अंगाला ऊस. आबा वांग्याच्या पाट्या घेऊन बारामतीच्या बाजाराला जायचे आणि येताना एकादशी जवळ आली असली तर रताळी, शिंगाडे, खजूर असं काय काय घेऊन यायचे. एकादशीला आमच्या घरी वरईचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर ताक. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आमच्या आबांना बघूनच कुणीतरी रचली असावी, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. अक्काला मात्र हे बघवायचं नाही. परकर नेसायच्या वयाची पोर, पण ताटासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "आबा, ह्याला उपास म्हंत्यात व्हय? मंग सणाला काय म्हंत्यात?" आबा हसून रताळ्याचा आणखी एक घास घ्यायचे. ती मात्र दिवसभर पाण्यावर. संध्याकाळी चेहरा उतरलेला असायचा, पोट धरून बसायची, पण कबूल करायची नाही. आई म्हणायची पित्त झालंय, आणि शेजारणीला अभिमानानं सांगायची, "पोर देवाची हाय माझी." मला तर दुपारीच भूक लागायची आणि मी मागल्या दारी जाऊन भाकरी खायची. आमच्या दोघींत देवाची एकच, हे घरात ठरून गेलं होतं.

तिचं लग्न झालं ते इंदापूरला. दाजी मामलेदार कचेरीत कारकून होते, अबोल आणि सरळ. घरात दाजी आणि त्यांची आई, बस्स. सासूला अक्का आत्याबाई म्हणायची, म्हणून आम्हीही सगळे आत्याबाईच म्हणायचो. बाई अंगानं थोराड, आवाज असा की पलीकडच्या आळीतला माणूस ओ देईल. पहिल्याच नवरात्रात घट बसले तेव्हा आत्याबाईंनी नव्या सुनेला सांगितलं होतं, "बया, उठता-बसता धर. पयला दिस अन् शेवटचा. मी बी तेवढाच धरते." पण उपासाच्या बाबतीत अक्का कुणाचं ऐकेल तर ती अक्का कसली? तिनं नऊ दिवस धरले, तेही पाण्यावर. सातव्या माळेला तिच्या पोटात कळ उठली. कुणीतरी आतडी पिळून वाळत घालतंय, असं ती म्हणायची. उलट्या, छातीत धडधड, अंगावरून हात फिरवलेलाही सोसेना. आत्याबाई घाबरल्या. देवीचं काहीतरी चुकलं म्हणून त्यांनी सुनेच्या नावानं पाच मंगळवार बोलून टाकले. वैद्य आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि लंघन सांगितलं, पोटाला विश्रांती द्या म्हणाले. देव आणि वैद्य यांचं कधी नव्हे ते एकमत झालं, आणि झालं ते अक्काला उपाशी ठेवण्यावर.

ती मेली नाही, कारण दिवाळी जवळ आली होती आणि आबा तिला न्यायला गेले. माहेरी आली ती बैलगाडीतून आडवी. शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं होतं. माझ्या आईचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज, तो म्हणजे खाऊ घालणं. तिनं पेजेत गूळ घातला, भाकरीवर काकवी घातली, तासातासाला उसाचा रस पाजला. चार-आठ दिवसांत अक्का उठून बसली आणि पंधरवड्यात माझ्याशी भांडायला लागली. आईनं देवापुढं साखर ठेवली. पुढं अक्का सासरी गेली, संकष्टी आली, बोललेले मंगळवार आले, आणि पुन्हा तीच कळ, तीच बैलगाडी. असं दोन-तीनदा झालं. बायकांच्या तोंडाला कोण हात लावणार! इंदापुरात बोललं जाऊ लागलं, "सासरी दुखतंय अन् माहेरी थांबतंय, आसलं कसलं दुखणं म्हनायचं?" आणि पणदऱ्यात माझी आई कपाळाला हात लावून म्हणायची, "माझ्या पोरीला तितं छळत्यात." दोन्ही घरं आपापल्या डोळ्यांनी जे दिसलं तेच बोलत होती, आणि अक्का दिवसेंदिवस वाळत चालली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणाच्या तोंडावर आईनं मला तिच्या सोबतीला पाठवायचं ठरवलं. माझी सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा झाली होती, घरी नुसतीच बसले होते. निघताना आई कानाशी येऊन म्हणाली, "डोळं उघडं ठिव. काय दिसंल ते मला सांगायचं."

मी डोळे उघडे ठेवले, पण मला छळ काही सापडेना, आणि त्याची माझी फार पंचाईत झाली. आत्याबाई ओरडायच्या हे खरं, पण त्या म्हशीवरही तशाच ओरडायच्या आणि देवावरही. दुधावरची साय त्या अक्कासाठी झाकून ठेवायच्या आणि अक्का "आज सोमवार हाय" म्हणून ती वाटी माझ्याकडे सरकवायची. श्रावणातले सोमवार होते, त्यात शनिवार होता, त्यात तिनं स्वतःच्या मनानं गुरुवार घातला होता. तिचा हिशेब सरळ होता. दुखणं देवानं दिलंय, म्हणजे आपल्या उपासात कुठंतरी कसर राहतेय, म्हणजे उपास अजून कडक करायला हवा. आत्याबाई सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाऊन टवटवीत आणि माझी बहीण पाण्यावर राहून पांढरीफटक. हे माझ्या रोज डोळ्यांसमोर होतं, आणि मला काहीही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. खरा उपास करणाऱ्यालाच शिक्षा होते, असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

त्या श्रावणातलं दुखणं सगळ्यात वाईट होतं. तिला उठून बाहेर जाववेना, म्हणून मी लघवीसाठी भांडं द्यायची आणि परसात नेऊन टाकायची. एकदा मी ते भिंतीशी ठेवलं आणि तिनं हाक मारली म्हणून आत पळाले. ठेवताना ते साधंच होतं, नेहमीसारखं. बऱ्याच वेळानं परत आले, तर उन्हात त्या भांड्यात जांभळाचा रस ओतल्यासारखं झालेलं.  मी किंचाळले आणि आत्याबाई धावत आल्या. त्यांनी वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा तो दांडगा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कुनाला बोलू नगं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम एका रिकाम्या बाटलीत भरून बाटली उन्हात ठेवली आणि स्वतः शेजारी पाट टाकून बसल्या. रंग पुन्हा तसाच चढत गेला. "विख हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंला कुणीतरी विख घातलंय."

गावातल्या डॉक्टरांना दाजींनी सांगितलं की लघवी लाल होते. त्यांनी त्या काळी नव्यानं आलेल्या, सगळ्या जंतूंवर चालणाऱ्या गोळ्या दिल्या. त्यांची चूक म्हणवत नाही, त्या गोळ्यांनी तेव्हा कितीतरी माणसं वाचली होती. पण अक्का आगीतून फुफाट्यात पडली. तिच्या हातांतली ताकद जायला लागली. आधी वाटी सुटली. मग वेणी घालवेना. एका सकाळी आरशासमोर बसून ती कुंकू लावायला गेली आणि हात कपाळापर्यंत पोचेचना... अर्ध्यातच थांबून खाली आला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तारे, माजा हात बग ना कसा करतोय." मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं.  त्यानंतर ती भलतंसलतं बोलायला लागली, आढ्यावर कुणी बसलंय म्हणायची, आणि आवाज इतका बारीक झाला की तोंडाशी कान न्यावा लागायचा.

निरोप गेला आणि आई आली. आल्या आल्या आत्याबाईंनी तिच्यासमोर ती बाटली धरली. त्यांना वाटलं होतं, पोरीची आई आहे, दोघी मिळून काहीतरी करू. पण विख हा शब्द ऐकला मात्र, आई उसळली. "विख? मंग तुमच्या घरात तुमच्याबिगर घालणार कोण? तुमीच घातलं आसंल!" आत्याबाईंचा चेहरा मी विसरणार नाही.  मग त्यांनी पदर खोचला. "चला पुण्याला. ही बाटली मोठ्या डॉक्टरम्होरं ठिवू. ज्यानं घातलं त्याचं नाव निघू दे. माझं निघालं तर मला फाशी द्या." दाजी मध्ये पडून म्हणाले की बाटली कशाला, तिकडे पुन्हा तपासतील की. पण आता ते काही औषधपाणी उरलं नव्हतं, पुरावा झाला होता.

इंदापूरहून मोटारीनं भिगवणला आणि तिथून आगगाडीनं पुण्याला. त्या प्रवासाची आठवण झाली की अजून माझा जीव टांगणीला लागतो. अक्काचं डोकं माझ्या मांडीवर, आणि तिचा श्वास चाललाय ना, हे बघायला मी सारखी तिच्या नाकाशी हात धरत होते. समोरच्या बाकावर खिडकीशी आई, तिच्याशेजारी आत्याबाई, आणि दोघींच्या मधे फडक्यात गुंडाळलेली ती बाटली. आई ती आत्याबाईंच्या हाती देईना, कारण त्या वाटेत ओतून टाकतील. आत्याबाई आईच्या हाती देईनात, कारण ती तिच्यात आणखी काही मिसळेल. शेवटी दोघींनी एकेक हात बाटलीवर ठेवला आणि तशाच पुण्यापर्यंत बसून राहिल्या. डब्यातल्या एका बाईनं गंगाजल समजून नमस्कार केला. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या दिवशी मला वाटलं, दौंड स्टेशन यायच्या आत जर अक्का गेली तर ह्या दोघी तिच्या प्रेतावरसुद्धा ह्या बाटलीवरून भांडतील.

पुण्याच्या इस्पितळात पोट तपासणाऱ्या सर्जननं सांगितलं की आतडं अडकलंय, ताबडतोब कापावं लागेल. तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. एक नर्स झोपेचं इंजेक्शन तयार करून घेऊन आली. दाजींनी सहीसाठी हात पुढं केला होता. तेवढ्यात आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि, काय आश्चर्य, त्यांच्या खांद्याला खांदा लावून आमची आई. "आदी ह्या बाटलीत काय हाय त्ये सांगा," आत्याबाई गरजल्या, "मंग कापा." आई म्हणाली, "व्हय. आदी सांगा." सर्जन संतापले, नर्स बाजूला व्हा म्हणून ढकलायला लागली, दाजींनी शरमेनं मान खाली घातली. मला वाटत होतं, ह्या दोघींच्या अडाणीपणापायी इथंच सगळं संपणार. एकेक क्षण जात होता आणि कापायला उशीर होत होता. त्या आरडाओरड्यानं शेजारच्या वॉर्डातून एक वयस्कर डॉक्टर आले. त्यांनी शांतपणे बाटली घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "ताजी असताना अशीच होती?"

"न्हाय. पान्यावानी हुती," आत्याबाई म्हणाल्या. "उन्हात ठिवली की आशी हुतीया. विख हाय का न्हाय?"

 डॉक्टर वळले आणि त्यांनी नर्सच्या हातातलं ते इंजेक्शन काढून घेतलं. ते दिलं असतं तर अक्काचा श्वास बंद पडण्याची भीती होती, हे त्यांनी आम्हाला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्यांनी ताजी लघवी मागवली, काचेच्या नळीत घेऊन तिच्यात कसलंसं औषध घातलं, नळी गुलाबी झाली. मग ते सर्जनना बाजूला घेऊन इंग्रजीत बोलले. शस्त्रक्रिया थांबली. अक्काच्या शिरेतून ग्लुकोजचं पाणी सुरू झालं. आणि मग ते आईपाशी येऊन म्हणाले, "बाई, विष आहे असं म्हणा हवं तर. पण ते बाहेरून कुणी घातलेलं नाही. हिच्याच अंगात तयार होतंय."

पुढं त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. पणदऱ्याची माणसं म्हटल्यावर त्यांना गुऱ्हाळच आठवलं. रक्ताला लाल करणारं जे द्रव्य असतं, त्याच्यात पॉर्फिरिन नावाचं एक कडं असतं. त्या कड्याच्या मधोमध लोखंडाचा कण बसतो, तेव्हा रक्त लाल होतं. हे कडं शरीर टप्प्याटप्प्यानं घडवतं, रसाची काकवी आणि काकवीचा गूळ व्हावा तसं. हिच्यात ते मधल्याच एका टप्प्यावर अडतं. पाक पुढं सरकत नाही, कढईत साचत राहतो, तोच अंगभर भिनतो आणि लघवीतून जातो. अक्काच्या दंडावर सुई टोचलेल्या जागी मुका मार लागल्यासारखा डाग पडला होता, कडेनं हिरवट आणि पिवळा होत चाललेला. डॉक्टर तो दाखवून म्हणाले, "हे बघा, रक्त जुनं झालं की तेच कडं असं मोडतं. आधी हिरवं, मग पिवळं. ते सगळ्यांचं मोडतं, हिचंही नीट मोडतंय. हिची अडचण मोडण्याची नाही, घडण्याची आहे." मी त्या पिवळ्या डागाकडे बघत राहिले. माझ्या बहिणीच्या अंगात एक तरी गोष्ट नीट चाललीय, याचाच मला आधार वाटला.

आई मात्र वेगळंच काही ऐकत होती. तिनं विचारलं, "आन् ह्ये येतं कुठनं?" डॉक्टर म्हणाले, बहुतेक आईकडून किंवा वडिलांकडून, रक्तातूनच. आई खाली फरशीवर बसली. "म्हंजे आमच्याच घरातनं आलं..." ती आत्याबाईंकडे बघू शकेना. आत्याबाई बाजी जिंकल्या होत्या, त्यांना बोलायचा हक्क होता, आणि त्या बोलल्याही. "आगं, कुठनं का येईना. आता माज्या घरात हाय न्हवं? ऊठ." त्यांनी माझ्या आईला काखेत हात घालून उठवलं. ती बाटली नंतर कुणी टाकली ते मला माहीत नाही.

अक्का जगेल की नाही, हे पुढं बरेच दिवस कुणी सांगत नव्हतं. श्वास मंद व्हायचा, पुन्हा चालायचा. आम्ही तिघी पाळीपाळीनं तिच्या उशाशी बसायचो आणि तिची छाती वर येते का ते बघायचो. हळूहळू कळ थांबली, डोकं ताळ्यावर आलं. हातांची ताकद यायला मात्र कितीतरी महिने गेले. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या, गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या आणि झोपेची औषधं पुन्हा कधीही नाहीत, त्यांनीच हा आजार चिघळतो. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "दुखणं कधी कधी उठलं होतं?" अक्का आठवून सांगायला लागली, "घट बसल्यावर... मंग मंगळवार धरलं तवा... मंग श्रावणात..." ते ऐकता ऐकता डॉक्टर थांबले. "मला खात्रीनं सांगता येणार नाही," ते म्हणाले, "पण काही दिवस उपास करूच नका. बघू काय होतं." उपास आणि हा आजार यांचं नातं तेव्हा त्यांनाही पक्कं ठाऊक नव्हतं. पोट रिकामं राहिलं की शरीर त्या कढईखालचा जाळ वाढवतं आणि साखर पोटात गेली की जाळ उतरतो, हे मला फार पुढं, ऋतुजाच्या डॉक्टरांनी सांगितलं.

माझी बहीण मरणाच्या दारातून आली होती, आणि ह्या एका वाक्यावर ती हमसून हमसून रडली. "उपास सोडून म्या करू काय? तेवढंच तर मला येतंय." आम्हाला वाटलं होतं संकट टळलं. खरी काळजी तर आता सुरू झाली होती, कारण अक्का शब्द देईना. घरी आल्यावर पहिल्याच संकष्टीला तिनं ताट सरकवलं. मी पाया पडले, दाजी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले, ती ढिम्म. शेवटी आत्याबाई देवघरात जाऊन बसल्या आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात देवाशी बोलल्या, "गणपतीबाप्पा, आजपासनं हिच्या वाटणीचं समदं उपास माज्या अंगावर. तुला मानूस पायजे ना? मी हाय. पर हिनं घास घेतला न्हाय तर माझा उपास तू मोजू नगंस." मग बाहेर येऊन अक्काला म्हणाल्या, "आता तू जेवली न्हाईस तर माझं पुण्य वाया जातंय. बग बया, म्हातारीला उपाशी मारून पुण्य बी लागू देणार न्हाईस का?" अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं थरथरत्या हातानं भाताचा घास उचलला. तो हातातून दोनदा सांडला. आम्ही कुणीही मदत केली नाही, तिसऱ्यांदा तो तोंडात गेला. साबुदाण्याशिवाय सोमवार न काढलेल्या आत्याबाई त्या दिवसापासून खरोखर पाण्यावर राहू लागल्या. संध्याकाळी माझ्यापाशी कुरकुरायच्या, "तुज्या भनीच्या वाटणीचा उपास लई जड हाय गं." पण मरेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. अक्काचा सुरेश झाला तो त्यानंतर, आणि बाळंतपणात तर त्यांनी सुनेला तासभरसुद्धा रिकाम्या पोटी राहू दिलं नाही.

मग माझी पाळी आली. डॉक्टर म्हणाले होते, सख्ख्या भावंडांनी सांभाळून राहावं. लग्नाच्या आधी मी परसातल्या भिंतीवर गुपचूप बाटली ठेवायची आणि शेजारी चिंच सोलत बसायची. ती पिवळीच राहायची. जीव भांड्यात पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायचा, कारण न चढलेला रंग उद्या चढणार नाही असं कुणी सांगितलं होतं? पुढं शाळेत नोकरी केली, पोरांना विज्ञानसुद्धा शिकवलं, पण साधं पोट दुखलं तरी मी आधी उजेडाकडे पळायची. अक्का माझी चेष्टा करायची. "रोग मला, आन् घाबरतीस तू!" ती स्वतः मात्र उतारवयात तशी ठणठणीत झाली. त्या आजाराची धार वयाबरोबर बोथट होते म्हणतात. सुरेश त्या आजारातून कोरडा सुटला. त्याच्या लेकीत, ऋतुजात, मात्र तो पुन्हा उगवला, कॉलेजात असताना, डाएट करायच्या नादात. त्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर बसून अक्का मला म्हणाली, "तारे, जमीन दिली असती तिला, सोनं दिलं असतं. म्या ह्ये दिलं."  तेव्हापासून तिला एक खोड लागली. ऋतुजा जेवायला बसली की ही समोर बसायची आणि तिच्या घासाकडे बघत राहायची. पोर वैतागायची, "आजी, नको ना बघू." अक्का मान वळवायची आणि परत बघायची.

फोन आला त्या दिवशी इंदापूरला पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. वाटेत गाडी थांबवून मी गूळ आणि केळी घेतली होती. घर माणसांनी भरलेलं. अक्का मधल्या खोलीत, कपाळाला बुक्का, आणि तिच्या हाताशी ऋतुजा. ओठ सुकलेले, चेहरा पांढरा. सुरेशनं, त्याच्या बायकोनं सांगून पाहिलं होतं. "मावशीआजी, आज नको," ती म्हणाली. "आजीसाठी एक दिवस. एकच." हा हट्ट कुणाचा, ते मला कुणी सांगायला नको होतं. मी पिशवीतून गूळ काढला. भिंतीशी बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. एक जण मोठ्यानंच म्हणाली, "आगं बाई, मयतापाशी गोड?" मी तिकडे पाहिलंही नाही. मी ऋतुजाची हनुवटी धरली आणि गुळाचा मोठा खडा तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड मिटून घेतलं. "ऋतुजा, मला ह्या वयात पुन्हा कुणाच्या उशाशी बसून श्वास मोजायला लावू नकोस गं," मी म्हटलं. तेव्हा तिनं तोंड उघडलं. खडा आत गेला. पण ती चावेना, गिळेना. नुसती हुंदके देत राहिली, आणि खडा गालात तसाच.

बाहेर तिरडीची बांधाबांध झाली होती. माणसं आत आली. "शेवटचं बघून घ्या," कुणीतरी म्हणालं. सुनेनं हंबरडा फोडला, सगळ्या बायका पुढं सरकल्या. माझी नजर ऋतुजाच्या गळ्यावर होती. चाव बाळा, गिळ... एकदाचा तिचा घसा हलला. मी लगेच केळं सोलून तिच्या हातात दिलं, तिनं एक घास घेतला, मग दुसरा. आता हरकत नाही असं वाटून मी मान वर केली, तोवर अक्काला घेऊन माणसं उंबऱ्याबाहेर गेली होती.